गोपुरीचा गॅस

थर्ड इयरच्या सेमिनारला विषय आपल्या आवडीने मिळत नाही, रोल नंबरने मिळतो. आमच्या बॅचला अपारंपरिक ऊर्जा आली. सोलर आणि विंड पहिल्या नंबरवाल्यांनी कधीच पळवलं होतं. शेवटी उरले बायोमास आणि भूऔष्णिक, आणि शेवटी उरलो मी आणि माझा रूम पार्टनर. स्वारगेटच्या एका टपरीवर, कटिंग हातात घेऊन, आम्ही नाणं उडवलं. तो जिंकला आणि त्याने क्षणाचाही विलंब न लावता भूऔष्णिक उचललं. म्हणजे हात न मळता काम! लडाखमधल्या पुगा खोऱ्याचे फोटो, २०२१ साली ओएनजीसीने तिथल्या प्रकल्पासाठी केलेला करार, आइसलँडची वाफ, झालं सेमिनार.

यातली गंमत अशी, की गरम पाण्याचे झरे आहेत माझ्या कोकणात. राजापूरचं उन्हाळे, संगमेश्वराजवळचं तुरळ-राजवाडी, दापोलीकडचं उन्हवरे. आणि त्यावर बोलणार कोण, तर हा लातूरचा पठ्ठ्या. या झऱ्यांचं पाणी साधारण ४० ते ७० अंश सेल्सिअस असतं. त्यावर सरळ वाफेचं टर्बाइन फिरत नाही, कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव मध्ये घ्यावा लागतो, हे त्याला मीच समजावून सांगितलं. असो.

माझ्याकडे राहिलं ते उसाचं चिपाड, भाताचं तूस आणि शेण. मी नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे सिनियरची फाइल समोर ठेवून, पंधरा पानं पाडली. साखर कारखान्यातली सहवीजनिर्मिती, गॅसिफायर, गोबर गॅस, फायदे-तोटे, उपसंहार. सरांनी फाइल चाळली आणि फाइलबद्दल काहीच बोलले नाहीत. गाव कुठलं म्हणून विचारलं. मी कणकवली म्हणालो. मग त्यांनी विचारलं, की तुमच्या गावाच्या अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव या पंधरा पानांत कुठे आहे?

खरं सांगतो, मला वाटलं सर मला दुसऱ्याच कोणाबद्दल विचारतायत. कोकणचे गांधी म्हणून अप्पासाहेबांचं नाव शाळेपासून कानावर होतं. कणकवलीहून गोव्याकडे निघालं की गड नदी ओलांडल्यावर वागद्याला गोपुरी आश्रम लागतो, तो त्यांचा, एवढंही माहीत होतं. पण सूत कातणाऱ्या माणसाचा आणि मिथेनचा संबंध काय? सरांनी फाइल परत दिली आणि शनिवार-रविवार घरी जाऊन ये म्हणाले. त्याच रात्री स्वारगेटहून गाडी पकडली. आता मेट्रोसुद्धा स्वारगेटच्या पोटात शिरली आहे, पण गावची गाडी म्हटलं की आपला एसटीचा फलाटच आठवतो. पुढचं सगळं मी त्या आणि त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये वाचून, विचारून, पाहून गोळा केलेलं आहे.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळे गावचा. घर ब्राह्मणाचं, डोकं हुशार. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले आणि पुण्यात न्यू पूना कॉलेजात शिकवू लागले. न्यू पूना कॉलेज म्हणजे आपलं टिळक रोडचं एस. पी. हो. आपल्या हॉस्टेलवरून निघालात तर सारसबागेला वळसा घालून पंधरा मिनिटांत पोचाल. त्या काळी एम. ए. झालेला तरुण प्राध्यापक म्हणजे पुण्यात किती मानाची गोष्ट असेल याचा अंदाज करा. तो मान, ती नोकरी सोडून हा माणूस गांधींकडे साबरमतीला गेला. गांधींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद आपल्याला माहीत असतो, अनुवादकाचं नाव आपण वाचत नाही. ते सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे हेच.

पण अनुवाद करून, प्रवचनं देऊन थांबणाऱ्यांतले ते नव्हते. ते परत कोकणात आले. खादी, अस्पृश्यता निवारण, १९३० चा मिठाचा सत्याग्रह आणि अर्थातच तुरुंग. हा भाग मी पटकन उरकतो, कारण असं आयुष्य त्या पिढीतल्या पुष्कळांचं होतं. अप्पासाहेब वेगळे झाले ते तुरुंगात, आणि तेही एका अशा मागणीमुळे जी आजही ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल.

साल १९३२. अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात मैला उचलण्याचं काम कैद्यांपैकीच काहींना करावं लागे, आणि ते काही कैदी म्हणजे कोण हे जातीवरून ठरायचं. बाहेर ज्यांच्या माथी ते काम होतं, त्यांच्याच माथी आतही. गुन्हा कुठलाही असो, टोपली ठरलेली. अप्पासाहेबांनी अर्ज केला, की हे काम मला द्या. अधिकाऱ्यांनी नकार दिला. ब्राह्मण कैद्याला हे काम देता येत नाही, नियमात बसत नाही!

आपण असतो तर काय केलं असतं? अर्ज केला, नाही म्हणाले, विषय संपला, आपलं कर्तव्य झालं. अप्पासाहेबांनी अन्न कमी केलं. अगदीच तुटपुंज्या अन्नावर राहून निषेध चालू ठेवला. ही बातमी आपल्या येरवड्याच्या तुरुंगात गांधींपर्यंत पोचली. सप्टेंबरातच तिथे त्यांचं ते मोठं उपोषण आणि पुणे करार होऊन गेला होता. तब्येत अजून सावरायची होती. तरी ३ डिसेंबर १९३२ ला गांधींनी अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी पुन्हा उपोषण सुरू केलं. सरकार हललं, प्रश्नाचा विचार करण्याचं आश्वासन मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी उपोषण सुटलं. पुढे परवानगीही मिळाली.

ही गोष्ट मी रूमवर सांगितली तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, की येडा होता काय हा माणूस? प्रतिक्रिया प्रामाणिक होती, म्हणून लिहितो. पण जरा विचार केला की त्यामागचं गणित दिसतं. अप्पासाहेबांना मैला उचलायची हौस नव्हती. जोपर्यंत एका जातीला ते काम सक्तीचं आणि दुसऱ्या जातीला ते काम बंदीचं आहे, तोपर्यंत ते काम सुधारावं असं कोणालाच वाटणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्याला टोपली उचलायची नसते तो टोपलीचं डिझाइन कशाला बदलेल? हे शेवटचं वाक्य माझं आहे, त्यांचं नव्हे. पण त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाकडे पाहिलं की मला तरी असंच वाटतं.

तुरुंगाबाहेर आल्यावरही ते याच वाटेने चालत राहिले. मेलेली गुरं ओढणं, त्यांची कातडी सोलणं हेही असंच एका समाजाच्या गळ्यात बांधलेलं काम. अप्पासाहेबांनी तेही स्वतःच्या हातांनी केलं. कोकणातल्या आमच्या गावांची त्या काळातली सोवळी-ओवळी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना यात काय किंमत मोजावी लागली असेल हे वेगळं सांगायला नको. नातेवाईक तुटतात, पंगतीतलं पान लांब जातं. आमचे आजोबा लहान होते तेव्हा त्यांना घरातून ताकीद होती, की गोपुरीत गेलास तरी तिथे पाण्याला शिवू नको.

गोपुरी म्हणजे १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ सुरू केलेला आश्रम. तोपर्यंत त्यांचं वय चोपन्नच्या घरात. त्या वयात लोक पेन्शनचा हिशेब करतात, आणि हा तत्त्वज्ञानाचा एम. ए. संडासांचे नकाशे काढत बसला! इथून पुढे त्यांच्या चरित्रात आपला, म्हणजे इंजिनियरिंगवाल्यांचा संबंध सुरू होतो.

प्रश्न असा होता. पाटी-टोपलीचा संडास बंद करायचा असेल तर त्याच्या जागी काय? शहरासारखी ड्रेनेज लाइन कोकणातल्या वाड्यांना कधी मिळणार होती? घरं एकमेकांपासून लांब, जमीन चढउताराची, खाली जांभा दगड, वर चार महिने धो-धो पाऊस. खोल खड्डा खणला तर पावसाळ्यात पाणी भरतं आणि तेच पाणी विहिरीत उतरतं. गोपुरी संडास म्हणून जो प्रकार पुढे प्रसिद्ध झाला, तो यावरचा तोडगा होता. खड्डा खोल न नेता वर बांधलेले कप्पे, ते आळीपाळीने वापरायचे. मैल्यावर माती, पालापाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद कप्प्यातलं कुजून काही महिन्यांनी जे हाताला लागतं त्याला ना वास ना किळस, त्याचं सोनखत झालेलं असतं. शेतकऱ्याला ते विकत घ्यायचीसुद्धा लाज वाटणार नाही.

साधी गोष्ट आहे, नाही का? पण यात टोपली गेली. ताजा मैला कोणीही हाताळायचा नाही, वेळेने आणि जंतूंनी आपलं काम केल्यावरच कप्प्याचं दार उघडायचं.

त्यापुढची पायरी गॅसची. इथे थोडं थांबून मागचा इतिहास सांगतो, कारण माझ्या सेमिनारला यावर प्रश्न आला होता. मैल्यापासून जळणारा गॅस मिळतो हे ज्ञान अप्पासाहेबांच्या आधीचं आहे. इंग्लंडमध्ये एक्झेटर शहरात १८९० च्या दशकात सेप्टिक टँकच्या गॅसवर रस्त्यावरचे दिवे लावले होते. त्याच सुमारास, १८९७ साली, आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमातही मैल्यापासून गॅस काढला गेला. म्हणजे भारतातला पहिला बायोगॅस शेणाचा नाही, माणसाचा! नंतर १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाईंनी शेणावर प्रयोग केले, १९५० च्या दशकात जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचं मॉडेल दिलं, खादी कमिशनने ते उचललं आणि गोबर गॅस हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. शेण पवित्र, त्यामुळे त्याला कोणी नाक मुरडलं नाही. माणसाच्या मैल्याचा गॅस मात्र मागे पडला. तांत्रिक कारणाने नव्हे बरं का. चुलीजवळ तो नको, एवढंच कारण.

अप्पासाहेबांनी नेमकं तेच हाती घेतलं. संडास आणि गॅसची टाकी एकमेकांना सरळ जोडायची. भांड्यातून मैला थेट बंद टाकीत, मध्ये माणसाचा हात नाही. टाकीत हवा नसते, त्यामुळे हवेशिवाय जगणारे जंतू कामाला लागतात. आधी मोठे रेणू तुटतात, मग त्यांची आम्लं होतात आणि शेवटी मिथेन तयार करणारे जंतू त्या आम्लांचा गॅस करतात. त्यात साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. वरून गॅस चुलीला, दुसऱ्या टोकाने खताचं पाणी झाडांना. या पद्धतीच्या टाकीला पुढे मलप्रभा असं नाव मिळालं. नावसुद्धा बघा! मळाची प्रभा. ज्या शब्दाने आपण नाक दाबतो त्यातून उजेड काढायचा, तोही नुसता शब्दांचा खेळ म्हणून नाही, तर खरोखर बर्नर पेटवून.

आजोबांना मी विचारलं, की तेव्हा लोक काय म्हणायचे? आजोबा हसले. म्हणाले की लोक कामाचं कौतुक करायचे, पण लांबून. त्या गॅसवरच्या चहाचा विषय निघाला की जो तो दुसऱ्याकडे बघायचा. तुम्ही प्यायला असतात का, असं विचारल्यावर मात्र आजोबांनी विषय बदलून काजूच्या दरावर नेला.

मला वाटतं अप्पासाहेबांचं मोठेपण आणि त्यांचं अपयश दोन्ही इथेच आहे. त्यांचा संडास लोकांना पटला, कारण त्याने सोय होत होती. पण गॅस घ्यायचा तर मनातली एक भिंत पाडावी लागत होती आणि ती सिमेंटची नव्हती. शेणाच्या गॅसचे प्लांट पुढे देशात लाखांनी झाले. संडासाच्या गॅसचे त्या मानाने अगदीच थोडे.

अप्पासाहेब १० मार्च १९७१ ला गेले. माझी जीवनयात्रा हे त्यांचं आत्मचरित्र आहे. आपल्या लायब्ररीत नसेल तर मागवायला सांगा, मी चिठ्ठी टाकली आहे.

माणूस गेला, पण टाकी गेली नाही. ती कुठे निघाली, तर पुण्याच्या उशाशी, देहूला. तुकारामांच्या देहूला. १९६० च्या आसपास डॉ. सुहास मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर तिथल्या आरोग्य केंद्रात आले. गावात संडास जवळजवळ नव्हतेच, आणि रोगी यायचे ते पुष्कळसे पोटाचे. डॉक्टरांनी प्रचलित नकाशावरून काही संडास बांधून घेतले आणि पहिल्याच पावसाळ्यात ते ढासळले. आपल्या फर्स्ट इयरच्या वर्कशॉप जॉबसारखंच! दुसरा एखादा असता तर बदलीचा अर्ज देता. मापुसकरांना अप्पासाहेबांच्या कामाचा पत्ता लागला, त्यांनी ते तंत्र समजून घेतलं आणि घरोघर जाऊन लोकांना पटवत संडास उभे केले. पुढे मलप्रभा टाकीतही त्यांनी सुधारणा केल्या, आणि देहूत संडासाच्या गॅसवर चुली पेटल्या. त्यांनी देहूत काढलेल्या संस्थेला अप्पा पटवर्धनांचंच नाव आहे. मापुसकर २०१५ साली गेले, २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका प्राध्यापकाचं अर्धं राहिलेलं काम एका डॉक्टरने पुढे नेलं. मध्ये इंजिनियर कुठे होते, हा प्रश्न मी आमच्या विभागापुढे नम्रपणे ठेवतो.

हे सगळं मी सेमिनारला का घातलं, याला एक कारण आहे, आणि ते मला इथे लिहायलाच हवं.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी हॉस्टेलच्या मागची सेप्टिक टाकी तुंबली. गाडी आली, पाइप सोडला, पण तळाचा गाळ घट्ट बसलेला, तो ओढला जाईना. गाडीबरोबर दोन माणसं होती. त्यातल्या एकाने शर्ट काढला आणि झाकणाच्या कडेला पाय सोडून बसला. दोर नाही, मास्क नाही. असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला बहुतेक माहीत असावं, कारण तो आजूबाजूला बघत होता. आपले रेक्टर सर तेवढ्यात धावत आले आणि त्यांनी त्याला बाहेर घेतलं, म्हणून पुढचं काही घडलं नाही. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. जास्त प्रमाणात असला की त्याचा वास येणंही बंद होतं आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो.

मी त्या वेळी काय करत होतो? मी दुसऱ्या मजल्यावर होतो. वास येतो म्हणून मी खिडकी लावून घेतली. झाकणाच्या कडेला बसलेला माणूस मी पाहिला होता, तरी लावली.

तर गोपुरीहून परत आल्यावर मी पंधरा पानांची फाइल बाजूला ठेवली आणि आपल्याच हॉस्टेलचा हिशेब मांडला. माणशी दिवसाला साधारण ०.०३ घनमीटर गॅस मिळतो असं पुस्तकं सांगतात. ३०० मुलं धरली तर ९ घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ०.४३ किलो एलपीजी. म्हणजे दिवसाला चार किलोला थोडा कमी. महिन्याला मेसचे १९ किलोवाले सहा सिलिंडर. यात मेसचं उष्टं धरलेलं नाही. ते धरलं तर आकडा बराच वाढेल, कारण मैल्यात नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी असतो, भात-पोळीने ते प्रमाण सुधारतं. आपण रोज किती टाकतो हे मेसच्या पिंपात डोकावलं की कळतं. शेजारच्याच पेशवे पार्कात महापालिकेने ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि त्यावर वीज असा प्रकल्प उभारला होता, तेव्हा कल्पना काही चंद्रावरची नाही.

मग अडचण काय? अडचण आपला फ्लश. अप्पासाहेबांच्या आणि मापुसकरांच्या संडासाला दोन लिटर पाणी पुरतं. आपण एकदा बटण दाबलं की आठ-दहा लिटर जातात, आणि एकदा दाबून कोणाचं समाधान होत नाही. दोन लिटरच्या हिशेबाने ३०० मुलांना रोज एक घनमीटर द्रव, आणि तो ४५ दिवस ठेवायचा तर ४५ घनमीटरची टाकी. फ्लशच्या हिशेबाने तीच टाकी दोनशे घनमीटरच्या वर जाते. बॅडमिंटन कोर्ट द्यावं लागेल, आणि ते आपण देणार नाही हे मला माहीत आहे.

सेमिनारच्या दिवशी पहिल्या स्लाइडला वर्गात हशा पिकला. अपेक्षितच होता. माझा रूम पार्टनर वाफेवर बोलून टाळ्या घेऊन बसला होता, तो सगळ्यात जोरात हसला. १९३२ च्या स्लाइडला हसणं कमी झालं. हिशेबाच्या स्लाइडला मेसच्या सिलिंडरचा विषय निघाला म्हणून सगळे सरळ बसले. प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं, की मेसवाले काका यावर पोळ्या करतील का? मी काकांना आधीच विचारलं होतं. काकांचं म्हणणं असं, की गॅस निळा जळत असेल तर त्यांना काही नाही, पण मुलांना सांगू नका.

मग सरांनी माझ्या टाकीच्या ड्रॉइंगवर बोट ठेवलं. मी घुमटाच्या माथ्यावर एक छान गोल मॅनहोल काढलं होतं, पुस्तकात असतं तसं. सरांनी विचारलं, पाच वर्षांनी तळाला गाळ बसेल तेव्हा या भोकातून आत कोण उतरणार आहे? मी काहीच बोललो नाही. ज्या माणसाचं आयुष्य मी वीस मिनिटं सांगत होतो, त्याने जे एक काम माणसाच्या हातातून काढलं, तेच मी माझ्या ड्रॉइंगमध्ये परत घातलं होतं.

त्यानंतर ड्रॉइंग तीनदा बदललं. आता टाकीचा तळ सपाट नाही, एका बाजूला उतार दिला आहे. उताराच्या टोकाला तळापर्यंत जाणारा सहा इंची पाइप, वरून पंप लावून गाळ ओढायचा. मॅनहोल काढून टाकायला सर तयार नाहीत, बांधकामाला आणि तपासणीला ते लागतं म्हणतात, पण झाकणावर आतून न उतरता उघडता येईल अशी जाळी सुचवली आहे. परवा सुधारलेलं शीट घेऊन गेलो. सरांनी ते बराच वेळ पाहिलं आणि पेन्सिलने तळाच्या कोपऱ्यात एक गोल केला. तीनशे मुलांच्या पायांबरोबर, बादल्यांबरोबर जी वाळू-माती आत जाईल ती पंपाने उचलली जाईल का, असं त्यांनी विचारलं.

सध्या मी त्या गोलावर अडकलो आहे. मापुसकरांच्या देहूला एक चक्कर मारून यायचं ठरवलं आहे, तिथे वाळूचं काय करतात ते बघायला. स्वारगेटहून रविवारी सकाळी निघणार. रूम पार्टनर येतो म्हणाला आहे. चहा कुठे प्यायचा हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.